हातातली पिशवी आधी भरा

दिवाळी सरली की मला फोन यायला लागतात. पावसाळ्यानंतर समुद्र निवलेला असतो, मुंबईहून गोव्याकडे, लक्षद्वीपकडे क्रूझ सुटू लागलेल्या असतात. कुणी सिंगापूरचं पॅकेज घेतलेलं असतं, कुणाचा अमेरिकेतला मुलगा पुढच्या उन्हाळ्यात आई-वडिलांना सिएटलहून अलास्काला न्यायच्या तयारीत असतो. मी जहाजांवर हाउसकीपिंगमध्ये नोकरी केली. केबिन स्टुअर्ड म्हणून चढलो, सुपरवायझर होऊन उतरलो. वेंगुर्ल्यापासून ठाण्यापर्यंत पसरलेल्या आमच्या गोतावळ्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो, "काका, कपडे किती जोड घेऊ?"

मी उलट विचारतो, "गोळ्या कुठल्या बॅगेत ठेवणार?"

"मोठ्या बॅगेत. का हो?"

हे उत्तर इतक्या घरांतून ऐकलं आहे की आता ते जाहीरपणे लिहावंसं वाटलं. क्रूझची तयारी म्हणून आपल्याकडे जे चालतं ते बहुतेक कपड्यांचं आणि खाऊचं. आठवडाभर पलंगावर बॅग उघडी पडलेली असते, पण सहल कंपनीने पाठवलेले कागद कुणी शेवटपर्यंत वाचलेले नसतात. माझं ठाम मत आहे की जहाजावरच्या सुट्टीची खरी तयारी खांद्याला लावायच्या छोट्या पिशवीत मावते. कागदपत्रं, औषधं आणि जहाजाबद्दलची थोडी पक्की माहिती. ही पिशवी ज्याची त्याने भरायची असते. आणि त्यातली माहिती प्रवाशाला त्याच्या भाषेत, पैसे भरण्यापूर्वी देणं हे सहल विकणाऱ्याचं आणि जहाज चालवणाऱ्याचं कर्तव्य आहे.

मोठ्या बॅगेचं काय होतं ते आधी सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. टर्मिनलच्या दारात हमाल ती तुमच्याकडून घेतात. तिला लावलेल्या पट्टीवर खोलीचा नंबर असतो. बॅग क्ष-किरण यंत्रातून जाते, मग डेकप्रमाणे वेगळी होते, लोखंडी पिंजऱ्यांतून जहाजात चढते आणि तिथून आमच्यासारखी माणसं ती दारापर्यंत नेतात. जहाज बंदरात असतं त्या दिवशी सकाळी जुने प्रवासी उतरतात आणि दुपारपासून नवे चढतात. मधल्या काही तासांत एकेका स्टुअर्डला पंधरा-वीस खोल्या नव्याने लावायच्या असतात आणि त्याच वेळी हजारो बॅगा वर येत असतात. तुमची बॅग दुपारी तीनला मिळेल की रात्री आठला, हे कॅप्टनसुद्धा सांगू शकत नाही.

एका फेरीत सांगलीकडच्या एक आजी माझ्या डेकवर होत्या. मुलगा आणि सून वरच्या डेकवर, आजी-आजोबा माझ्याकडे. जहाज सुटलं, जेवणाची वेळ झाली तरी बॅग नाही. मी मराठी बोलतो हे कळल्यावर आजींनी मला दारातच धरलं. "बाळा, माझं इंजेक्शन त्यात आहे रे. जेवायच्या आधी घ्यावं लागतं." मी शोधाशोध केली तेव्हा बॅग सुरक्षा विभागाच्या खोलीत निघाली. मुलाच्या बॅगेत जागा उरली नाही म्हणून त्याने इस्त्री आईच्या बॅगेत सारली होती. इस्त्री दिसली की बॅग थांबते, आणि मालकाने स्वतः येऊन ती उघडून दाखवेपर्यंत थांबूनच राहते. आजींना बॅगेत इस्त्री आहे हेच माहीत नव्हतं. त्या रात्री इन्सुलिन मिळालं, पण उशिरा मिळालं, आणि तोवर आजोबांचा चेहरा कसा झाला होता ते मी विसरलेलो नाही. यात आजींचा काय दोष? त्यांची बॅग त्यांनी भरलीच नव्हती.

इस्त्रीला बंदी का, हेही समजून घ्यायला हवं. जहाजावर आग लागली तर बाहेरून बंब येत नाही. जी माणसं तुमच्या खोल्या लावतात, ताटं वाढतात, त्यांच्यातूनच आग विझवणारी पथकं उभी राहतात. २३ मार्च २००६ च्या पहाटे कॅरिबियन समुद्रात 'स्टार प्रिन्सेस' या जहाजाच्या बाल्कन्यांना आग लागली. तपासात कारण म्हणून पुढे आलं ते बहुधा न विझलेल्या सिगारेटचं थोटूक. ओळीने खोल्या जळाल्या, एक प्रवासी दगावला. तेव्हा इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, विजेची किटली, मेणबत्ती ही यादी कुणी छळायला केलेली नाही. एक्स्टेन्शन बोर्डही बहुतेक जहाजांवर चालत नाही. जहाजावरची वीज घरच्यासारखी जमिनीला जोडलेली नसते, तिची मांडणी वेगळी असते, आणि घरातला सर्ज प्रोटेक्टरवाला बोर्ड तिथे तापून पेटू शकतो. आपल्या तीन पिनांचा प्लग बहुधा बसत नाही. त्यासाठी साधा अडॅप्टर आणि तीन-चार फोन एकदम लागतील असा यूएसबी चार्जर घ्या, काम भागतं.

या यादीत एक गोष्ट आपल्या घरांसाठी मुद्दाम सांगतो. पुष्कळ ज्येष्ठ मंडळी रोजची पूजा चुकवत नाहीत. छोटे देव डबीत घालून आणतात आणि सकाळी खोलीत उदबत्ती, निरांजन लावतात. खोलीतल्या धूरसूचकाची घंटा थेट नियंत्रण कक्षात वाजते, पथक पळत येतं, आणि तुपाच्या वातीपुढे हात जोडून बसलेली बाई घाबरून उठते. हा प्रसंग मी एकदा नाही, अनेकदा पाहिला. त्यांना घरीच कुणी सांगितलं असतं, की आई, जहाजात ज्योत लावायची नाही, फूल वाहा आणि सेलवरचा दिवा लाव, तर त्यांनी ते आनंदाने केलं असतं.

आता औषधं. सगळी औषधं हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात. सहलीच्या दिवसांपेक्षा थोडी जास्त, कारण वादळाने बंदर बदलतं, विमान चुकतं. डब्यात सुट्या करून आणलेल्या पांढऱ्या गोळ्या दुसऱ्या देशातल्या डॉक्टरला काहीच सांगत नाहीत. आपली ब्रँडची नावंही तिकडे कुणाला माहीत नसतात. म्हणून आपल्या डॉक्टरांकडून एका कागदावर औषधांची मूळ रासायनिक नावं, मात्रा आणि आजार लिहून घ्यावेत. हा कागद मुलाच्या फोनमध्ये असून चालत नाही. पिशवीत हवा. मुलगा पोहण्याच्या तलावावर असताना आईला चक्कर आली तर खोलीत येणारा माणूस पहिल्यांदा पिशवीच बघतो.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी कराव्यात. खोलीतला छोटा फ्रिज पेयं गार ठेवण्यापुरता असतो, त्याच्या तापमानावर विसंबू नये. आरक्षण करतानाच औषधासाठी फ्रिज हवा असं कळवावं. आणि वापरलेल्या सुया टाकायला कडक प्लास्टिकचा डबा मागून घ्यावा, तो मिळतो. टिश्यूत गुंडाळून कचऱ्याच्या पिशवीत टाकलेली सुई माझ्याबरोबरच्या एका मुलाच्या तळहातात गेली होती. त्यानंतर कित्येक महिने तो रक्ततपासण्या देत होता आणि घरी बायकोला काही सांगू शकत नव्हता. सुई टाकणारा प्रवासी वाईट नव्हता. त्याला डबा मिळतो हे माहीतच नव्हतं.

काही औषधं आणि काही खाऊ बंदरावर अडचणीत आणतो. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन आणि ट्रामाडोल ही नियंत्रित औषधं आहेत. आपल्याकडच्या काही खोकल्याच्या औषधांत कोडीन असतं, काही वेदनाशामकांत ट्रामाडोल असतं. आणि खसखस. तिकडे खसखस बेकायदा आहे, सिंगापूरमध्येही ती आणायला मनाई आहे. दिवाळीनंतर दुबईहून क्रूझ घेणाऱ्या किती घरांनी डब्यात अनारसे भरले असतील, याचा विचार केला की मला काळजी वाटते. घरच्या मायेने दिलेला डबा आहे, पण परक्या देशातल्या कायद्याला ती माया दिसत नाही. एकूणच घरी केलेलं अन्न जहाजात नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातला सुका खाऊ बहुधा चालतो, तोही बंदरावर उतरताना खोलीतच ठेवावा. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर ते आरक्षणाच्या वेळी लिहून कळवायचं असतं. टेबलावर बसल्यावर सांगून स्वयंपाकघराची आणि तुमची दोघांचीही पंचाईत होते.

कागदपत्रांचं प्रकरण सगळ्यात महाग पडतं. मुंबई-गोवा-मुंबई फेरीला सरकारी ओळखपत्र पुरतं, त्यामुळे लोकांना वाटतं की जहाजाचं सगळं असंच सोपं असतं. अलास्काचंच बघा. अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर आहे, जहाज सिएटलहून सुटून सिएटललाच परत येणार, अलास्का अमेरिकेतच, मग आणखी काय लागणार? लागतो कॅनडाचा व्हिसा. अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाला प्रवासी घेऊन केवळ अमेरिकेच्या बंदरांमध्येच फिरता येत नाही. मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी परदेशी नोंदणीची असतात. म्हणून ती वाटेत कॅनडाच्या व्हिक्टोरियासारख्या बंदराला लागतात, काही वेळा फक्त एका संध्याकाळपुरती. भारतीय पासपोर्टवाल्याला त्या संध्याकाळसाठी कॅनडाचा व्हिसा हवा. तुम्ही जहाजातून खाली उतरणार नसलात तरी हवा. नसेल तर सिएटलच्या धक्क्यावरूनच परत पाठवतात आणि पैसे बुडतात. मुलं अमेरिकेत स्थायिक झालेली, त्यांच्याकडे तिथला पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड, त्यांना या गोष्टीची झळ लागत नाही. अडकतात ते आई-वडील.

सिंगापूरहून मलेशिया-थायलंडकडे जाऊन परत सिंगापूरला आलात तर तो सिंगापूरमधला दुसरा प्रवेश धरला जातो. युरोपात बार्सिलोना, रोम करता करता जहाज मध्येच शेंगेनबाहेरच्या बंदराला लागलं तर पुन्हा तेच. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तिथे कामाचा नाही. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने असावी. आणि नाव. आपल्याकडे बायकांची लग्नाआधीची आणि नंतरची अशी दोन नावं कागदोपत्री फिरत असतात. पासपोर्टवर एक, आधारवर दुसरं, तिकिटावर तिसरंच टोपणवजा. तिकीट पासपोर्टवरच्या अक्षरन् अक्षराप्रमाणे काढून घ्या. आणि जहाज सुटायच्या दिवशी सकाळचं विमान पकडून बंदर गाठायचा धोका पत्करू नका. एक दिवस आधी पोहोचा. हॉटेलचा एका रात्रीचा खर्च चुकलेल्या जहाजापेक्षा नेहमी कमी असतो.

विम्याबद्दल थोडक्यात. जहाजावर डॉक्टर असतो, चांगला असतो, पण त्याचं बिल डॉलरमध्ये येतं. आपल्या घरच्या मेडिक्लेम पॉलिसी बहुतेक भारतापुरत्या असतात. रुग्णाला मध्येच उतरवून दवाखान्यात न्यावं लागलं तर तो खर्च एका कुटुंबाला झेपणारा नाही. म्हणून प्रवास विमा घेताना समुद्रातून रुग्ण हलवण्याचा खर्च त्यात आहे का, आणि आधीपासूनचे आजार धरले आहेत का, एवढे दोन प्रश्न विचाराच. पॉलिसीचा छापील कागदही त्याच पिशवीत ठेवा.

आणि आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यासाठी मी खरं तर लेखणी उचलली. जहाज सुटण्यापूर्वी सुरक्षेची कवायत असते. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला की प्रत्येकाने आपल्या ठरलेल्या जागी, मस्टर स्टेशनवर जायचं. ही कवायत लोक टाळतात. कुणी खोलीत झोपतं, कुणी चहाला जातं. आम्ही दारं ठोठावत फिरायचो. हल्ली बऱ्याच जहाजांवर फोनवर चित्रफीत बघायची आणि मस्टर स्टेशनवर जाऊन कार्ड दाखवायचं, अशी पद्धत आहे. मग होतं काय, की मुलगा चौघांच्या फोनवर चित्रफीत चालू करून बाजूला ठेवतो. आई-वडील त्याच्या मागून जातात, कार्ड दाखवतात, परत येतात. जिना कुठला, जॅकेट खोलीत कुठे ठेवलंय, ते बांधायचं कसं, हे त्यांना कळलेलंच नसतं.

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळली. जहाजावर चार हजारांहून अधिक माणसं होती. ३२ जणांचा जीव गेला. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत अजून व्हायची होती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती चोवीस तासांच्या आत झाली की पुरे होतं. त्यानंतर नियम बदलला, आणि २०१५ च्या जानेवारीपासून कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक झालं. मृतांमध्ये मुंबईकडचा एक वेटर होता. त्याचे अवशेष सापडायला २०१४ चा नोव्हेंबर उजाडला. आमच्या पेशातला माणूस होता तो. तेव्हापासून कवायतीच्या वेळी दार न उघडणाऱ्या प्रवाशाला मी कधीही हसून सोडून दिलं नाही.

आपल्याला तर इटलीपर्यंत जायचीही गरज नाही. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली, बहुतेक आपल्या कोकणातली. आमच्या घरात मोठी माणसं हे नाव आवाज खाली आणून घ्यायची. त्याच मुंबईच्या किनाऱ्यावर, भाऊच्या धक्क्यापासून फार लांब नाही अशा बॅलार्ड पिअरला २० सप्टेंबर २०२५ ला नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. वर्षाला दहा लाख प्रवाशांच्या हिशेबाने ते बांधलं आहे. देशातले क्रूझ प्रवासी दुप्पट करायचे म्हणून केंद्र सरकारने २०२४ मध्ये क्रूझ भारत मोहीम सुरू केली. मला याचा आनंद आहे. कोकणातल्या पोरांना घराजवळ नोकऱ्या मिळतील, आणि ज्या समुद्राकडे आपण केवळ चौपाटीवरून पाहतो, त्यावरून लोक प्रवास करतील. पण हे दहा लाख प्रवासी कोण असणार? त्यात पहिल्यांदाच जहाजावर पाऊल ठेवणारे सातारचे, जळगावचे, नांदेडचे निवृत्त शिक्षक असणार, गृहिणी असणार. मुंबईतून सुटणाऱ्या प्रत्येक जहाजावर सुरक्षेची कवायत मराठीतही झाली पाहिजे. खोलीच्या दारामागचा नकाशा मराठीतही हवा. ही भाषेच्या अभिमानाची मागणी नाही. धूर भरलेल्या पॅसेजमध्ये माणसाला जी भाषा विचार न करता कळते, तीच त्याच्या उपयोगाची असते.

तोवर तुम्ही एवढं करा. खोलीत शिरल्यावर बॅग उघडण्याआधी लाइफ जॅकेट शोधा, आई-वडिलांना एकदा घालायला लावा. खोलीपासून मस्टर स्टेशनपर्यंत लिफ्टने न जाता जिन्याने चालत जा, कारण आगीत लिफ्ट बंद असते. गुडघे दुखत असतील तर हे आदल्या दिवशी नाही, आरक्षण करतानाच सांगा आणि जिन्याजवळची खोली मागा.

गुडघ्यांवरून लक्षद्वीप आठवलं. अगत्तीसारख्या बेटाला मोठं जहाज लागू शकत नाही. ते खोल पाण्यात नांगर टाकतं आणि तिथून छोट्या बोटीने किनाऱ्यावर जायचं असतं. आमच्या वेंगुर्ल्याला मुंबई-गोवा बोट यायची तेव्हाही हेच होतं. बोट आत उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, वळकट्या पडावात उतरवल्या जायच्या. तेव्हाच्या लोकांना याची सवय होती. आज सत्तरीतल्या माणसाला लाटेवर वरखाली होणाऱ्या बोटीत पाय टाकायला लावायचं, तर ते त्याला पैसे भरण्यापूर्वी सांगायला हवं. समुद्र खवळलेला असेल तर उतरणं रद्दही होतं. जाहिरातीत निळं पाणी आणि पांढरी वाळू असते, ही छोटी बोट नसते.

गेल्या वर्षी माझ्या आतेने विचारलं, "रे, माका बोट लागतली काय रे?" तिला मी सांगितलं तेच इथे सांगतो. ऑक्टोबर ते मे या काळात आपल्याकडचा समुद्र बराच शांत असतो. खोली जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवर घेतली तर हेलकावे कमी जाणवतात. उंचावरची बाल्कनीची खोली महाग असते आणि हलतेही जास्त. मळमळीची गोळी मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची असते, पण तिने झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. रिकाम्या पोटी राहू नका, आलेपाक, आवळासुपारी जवळ ठेवा, उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघत बसा. पोट बिघडलं तर मात्र लपवू नका. जहाजावर नोरोव्हायरस झपाट्याने पसरतो, आणि हाताला लावायच्या जेलने तो नीट जात नाही. साबण आणि पाणीच लागतं. जेवणाआधी हात धुवा, असं आपल्या आजीने सांगितलेलं तिथे शब्दशः खरं आहे.

पैशांचंही घरात मोकळेपणी बोला. खोलीची किल्ली असलेलं कार्ड जहाजावर पैशांसारखं चालतं. सही केली की बिल चढतं. सेवाशुल्क माणशी, दररोज लागतं, बऱ्याच परदेशी जहाजांवर ते पंधरा-वीस डॉलरच्या घरात असतं. पेयं, इंटरनेट, सहली वेगळ्या. जहाज बंदर सोडून गेलं की फोन जहाजाच्या नेटवर्कला चिकटतो आणि साध्या रोमिंगच्या पॅकमध्ये ते बसत नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाका. बंदरावर उतराल तेव्हा घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, तिथल्या स्थानिक वेळेवर नको. रोजच्या पत्रकावर बंदरातल्या एजंटचा नंबर छापलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. जहाज कुणासाठी थांबत नाही. स्वतः टॅक्सी करून लांब गेलेली कुटुंबं मी डेकवरून धक्क्यावर उभी असलेली पाहिली आहेत, आणि मधलं पाणी रुंद होत जाताना पाहिलं आहे.

राहिले कपडे. खोली लहान असते, बरेचदा दीडशे चौरस फुटांच्या आत, आणि कपाट त्याहून लहान. बॅगा रिकाम्या करून पलंगाखाली सारायच्या असतात. तीन-चार दिवसांच्या फेरीला माणशी एक मध्यम बॅग पुरते. जेवणघरात एसी कडक असतो, ज्येष्ठांना शाल, स्वेटर, कानटोपी लागतेच. ओल्या डेकवर गुळगुळीत तळाची चप्पल घसरते, पकड असलेले बूट घ्या. औपचारिक जेवणाच्या रात्री काय घालू, असं बायका हमखास विचारतात. पैठणी नेसा. त्या दालनात तिच्याइतकं देखणं दुसरं काही नसतं, हे मी डोळ्यांनी पाहून सांगतो. कपडे बाल्कनीत वाळत घालू नका, न्हाणीघरात ओढून बांधायची दोरी असते. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा सकाळचे कपडे, चपला आणि पासपोर्ट आधी बाजूला काढा. रात्री अकरानंतर त्या बॅगा जहाजाच्या पोटात गेलेल्या असतात आणि परत मिळत नाहीत.

खोली लावणाऱ्या मुलाशी दोन शब्द बोला. तो आपल्या रत्नागिरीचा, मडगावचा, पालघरचा असू शकतो. तुम्हाला दिवसातून दोनदा पाहणारा जहाजावरचा माणूस तोच असतो. आजोबांना कमी ऐकू येतं, आजींना मधुमेह आहे, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. तो लक्ष ठेवतो.

आई-वडिलांना या हंगामात नेणार असाल तर एक संध्याकाळ त्यांच्याबरोबर बसा आणि त्यांची हातातली पिशवी त्यांना स्वतःला भरू द्या. आणि पैसे भरण्यापूर्वी सहल कंपनीकडून या गोष्टी मराठीत लिहून मागा. कुठले व्हिसे लागतील, कुठल्या वस्तू चालणार नाहीत, कुठे छोट्या बोटीने उतरावं लागेल, तिकिटाव्यतिरिक्त कुठले खर्च येतील, आणि आजारी पडलो तर कोण काय करणार. जी कंपनी हे लिहून देणार नाही, तिला पैसे देऊ नका.